पूल बदलत होता, गाडी चालू होती

रेल्वेत नोकरी केलेली दोन माणसं चहाला बसली की तिसऱ्याला बोलायला मिळत नाही, असं माझे मिस्टर म्हणतात. खरं आहे ते. किस्से आम्ही गोळा करत नाही, ते आपोआप साठत जातात, माळ्यावर डबे साठतात तसे. माझ्याकडचे निम्मे डबे एकाच वर्षातले आहेत. नव्वदचं दशक होतं. कोल्हापूरच्या अलीकडे, नदीपासून जवळच्या एका छोट्या स्टेशनवर मी तिकीट खिडकीवर होते, आणि त्या वर्षी नदीवरच्या पुलाचे जुने गर्डर काढून नवे बसवायचं काम निघालं होतं.

स्टेशन मास्तर होते कांबळेसाहेब. पुलाचं काम बघायला आलेले इंजिनिअर हिरेमठ, सीमेकडचे. घरी कन्नड, बाहेर मराठी, आणि चिडले की दोन्ही.

*

पहिल्यांदा ठरलं होतं, काम सकाळी करायचं. म्हणजे कोल्हापूरला जाणारी सकाळची पॅसेंजर बंद. त्याच गाडीनं आमच्याकडचे कामगार, कॉलेजची पोरं, भाजीवाल्या बायका सगळे जायचे. मी खिडकीवर नोटीस लावली आणि दिवसभर शिव्या खाल्ल्या.

दुसऱ्या दिवशी सुशीलाक्का आल्या. रोज मेथी-पालकाचं गाठोडं घेऊन मंडईला जाणाऱ्या. त्यांचं माहेर सीमेपलीकडचं. माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही, थेट हिरेमठांच्या तंबूत शिरल्या. मागोमाग दहा-बारा बायका, आणि काय होतंय ते बघायला मी.

अक्कांनी कन्नडमध्ये सुरुवात केली. हिरेमठांना "तम्मा" म्हणाल्या, म्हणजे धाकटा भाऊ. हिरेमठ खुर्चीवरून उठून उभे राहिले. मग आम्हाला कळावं म्हणून अक्का मराठीत म्हणाल्या, "तम्मा, तुझा पूल दुपारी बी बसतोय. माझी मेथी दुपारपतूर बसत न्हाय, झोपती."

हिरेमठ म्हणाले, "वर बोलून बघतो." काय बोलले देव जाणे. पण आठवड्याभरात नवा हुकूम आला. काम भर दुपारी, दोन गाड्यांच्या मधे. सकाळ-संध्याकाळची पॅसेंजर चालू, दुपारची काम आटोपल्यावर.

अक्कांनी हिरेमठांना मेथीची जुडी दिली. ते म्हणाले, "अक्का, करून कोण घालणार?" तर दुसऱ्या दिवशी भाजी-भाकरीच आली.

*

गाडी चालू राहिली, पण पुलाच्या दोन्ही बाजूंना लांबपर्यंत बैलगाडीच्या वेगानं. आमच्या गाडीला एक पैलवान असायचा, कोल्हापूरला तालमीत जाणारा. हे त्याच्या लक्षात आलं. गाडी मंदावली की तो खाली उतरायचा, भरावाच्या कडेच्या पायवाटेनं गाडीबरोबर पळायचा आणि पूल यायच्या आत परत चढायचा.

एक दिवस नवीन गार्ड आला. त्यानं बघितलं, एक माणूस गाडीमागं जिवाच्या आकांतानं पळतोय. दया आली बिचाऱ्याला. त्यानं गाडी थांबवली.

"चढा, पैलवान."

"नगं. अजून घाम आला न्हाय."

डब्यातली माणसं ओरडायला लागली. गार्ड चिडला. "गाडीत बसायचं नव्हतं तर तिकीट कशाला काढलंय?"

पैलवान शांतपणे म्हणाला, "त्ये माझ्या जेवणाच्या डब्याचं हाय. त्यो बसलाय की आत."

*

गाड्यांना उशीर व्हायचाच. स्टेशनवर लाउडस्पीकर नव्हता, म्हणून मला हातात धरायचा भोंगा मिळाला. माझा आवाज मुळातच मोठा. त्यात भोंगा. फलाटाच्या पलीकडं उसाचा फड होता, तिथंही स्पष्ट ऐकू जायचं.

पंधरवड्यानं फडाचे मालक खिडकीशी येऊन उभे राहिले. मला वाटलं, तिकीट हवंय.

"बाई, तुमी पुकारू नका."

"का हो?"

"तुमी दुपारची गाडी उशिरा हाय म्हणून सांगता, आन् माझी तोडणारी माणसं म्हणत्यात, मग जेवायची सुट्टी बी लांबली. तुमची गाडी येईपतूर कोयता हातात धरत न्हाईत. माझा ऊस उभाच हाय."

मी म्हटलं, पुकारणं तर सरकारी काम आहे. त्यावर त्यांनी थोडा विचार केला. "मग तोंड तिकडं करून पुकारा की. तिकडं माझ्या चुलत्याचा ऊस हाय."

*

पहिला गर्डर बसवायच्या दिवशी कामगारांनी पूजा मांडली. नारळ कांबळेसाहेबांच्या हातूनच फोडायचा, असा त्यांचा हट्ट. साहेब बौद्ध. कामगारांना ते माहीत होतं, पण स्टेशनचा धनी तो, असं त्यांचं म्हणणं. सगळे जरा अवघडले.

साहेब हसले. "आमच्या घरात नारळ फक्त खायला फोडतात. पूजेचा हिरेमठ फोडतील. पण खोबरं मला द्या."

ते खोबरं घेऊन घरी गेले. दुपारी काम सुरू व्हायच्या आत वहिनींनी केलेल्या वड्यांचा मोठा डबा घेऊन आले. पुलावरच्या प्रत्येक माणसाला वडी मिळाली. गर्डरही सुतासारखा सरळ बसला. झालं. तेव्हापासून वड्या आल्याशिवाय गर्डरला हात लावायला कोणी तयार होईना.

एकदा एक गर्डर दोन दिवस नुसता पडून राहिला. मुख्य ऑफिसातून फोन आला. मोठे साहेब गरजले, "हिरेमठ, काम का थांबलंय?"

हिरेमठांना खोटं बोलता येत नसे. "सर, वहिनी माहेरी गेल्यात."

*

आता चौगुले मास्तरांचं सांगते. आमच्याच गावचे, कोल्हापूरच्या शाळेत मराठी शिकवायचे. नोकरीला लागल्यापासून रोज आमच्या गाडीनं जाणं-येणं. स्वभाव असा की म्हातारी माणसं, लेकुरवाळ्या बायका दिसल्या की मास्तर उठून उभे.

त्यांच्या निवृत्तीचा दिवस उजाडला. शाळेत दुपारी समारंभ होता, म्हणून मास्तर दुपारच्या गाडीला आले. नवा सदरा, कडक इस्त्री. आणि नेमका त्याच दिवशी गर्डर अडला. उशिरा बसला, आणि तपासणी झाल्याशिवाय गाडी सोडता येईना. तपासणी संपायला संध्याकाळ होणार होती. एस.टी. निघून गेलेली. मास्तर बाकावर बसले. नुसती छत्री हातात फिरवत राहिले. मला त्यांच्याकडं बघवेना.

मी कांबळेसाहेबांना सांगितलं. साहेबांनी हिरेमठांना गाठलं. हिरेमठांची तपासणीची, रुळांवरून चालणारी ढकलट्रॉली पलीकडं निघालीच होती. पण तिच्यावर बाहेरचा माणूस बसवायची परवानगी नाही. दोघं बराच वेळ कुजबुजले. मग हिरेमठ मास्तरांसमोर येऊन उभे राहिले.

"मास्तर, तुमचं वजन किती?"

"का हो?"

"गाडी सोडायच्या आधी पुलावर थोडं वजन टाकून बघायचं असतं."

मास्तरांनी कांबळेसाहेबांकडं बघितलं. साहेब दुसरीकडंच बघत होते.

"म्हणजे मी वजन म्हणून जाऊ?"

"व्हय. सरकारी वजन."

ट्रॉलीवर मोठ्या साहेबांसारखे मास्तर बसले, शेजारी हिरेमठ. ट्रॉलीमन ढकलत निघाले. मी पलीकडच्या स्टेशनला फोन केला. तिथं मास्तरांचा एक जुना विद्यार्थी स्कूटर घेऊन आला. पहिला हार पडायच्या आत मास्तर शाळेत हजर.

संध्याकाळी पॅसेंजर सुटली. हिरेमठ चहाला आमच्या खोलीत आले. मी विचारलं, "मास्तर पुलावर घाबरले नाहीत ना?"

"मलाबी तसंच वाटलं," हिरेमठ म्हणाले. "मधोमध आल्यावर त्यांनी ट्रॉली थांबवा म्हणून सांगितलं. बराच वेळ खाली पाण्याकडं बघत बसले. मी म्हटलं, मास्तर, चक्कर आली काय?"

"मग?"

"म्हणाले, न्हाय हो. एवढी वर्षं या पुलावरनं गेलो, पण खिडकीची जागा कधी मिळालीच न्हाय. नदी एवढी रुंद हाय व्हय?"