गाडीने प्यायलेली पेज

मला नोकरीला लावलं ते शेवंताबायने. तिचं आडनाव मला ठाऊक नाही आणि माझं नाव तिच्या लक्षात असेल असं वाटत नाही. कारखाना म्हणजे काय, हे तिने कधी पाहिलेलं नव्हतं. तरीही आगगाडीने दोन दिवस लागतात अशा या मुलखात, जिथे मासा म्हणजे तळ्यातला आणि नारळ म्हणजे फक्त देवापुढचा, मी दोन वेळा पोटभर जेवतो ते तिच्यामुळे. हे आधीच सांगून ठेवतो, कारण पुढची हकिगत ऐकून लोक हसत सुटतात आणि तिचं नाव विसरतात.

हकिगत एवढीच, की आमच्या दामूमामाच्या मोटारीने एकदा पेज प्यायली.

वडील गेले तेव्हा माझी शाळा सुटली. नंतरची काही वर्षं मी कुडाळच्या बाजारात पडेल ते काम केलं आणि जमेल तेवढी काळजी केली. (काळजीच्या कामात मी लहानपणापासून तरबेज आहे.) मग एका वैशाखात मामाच्या ओळखीचा एक मुकादम सापडला. तो दूरच्या एका कारखान्यासाठी माणसं नेत होता. वेंगुर्ल्याला तो आगबोटीवर चढणार आणि मी मालवणला चढायचं, असं ठरलं. पावसाळ्यासाठी बोटी बंद व्हायच्या आधीची ती शेवटची बोट. मुकादमाने निरोप पाठवला होता : "मालवणाक दिसलो तर घेतलंय, नाय दिसलो तर मुंबयत माणसां कमी नाय." म्हणजे बोट चुकली की नोकरी गेली.

शहाण्या माणसाने आदल्या दिवशीच एस्टीने मालवण गाठलं असतं. मी तसं बोलूनही दाखवलं. मामाने माझ्याकडे असं पाहिलं, की मी जणू त्याचं घर विकायला काढलं होतं.

"घरात मोटार आसताना भाचो एस्टीन जातलो? लोक काय म्हणतीत?"

"मामा, पण मोटार चढणीवर..."

"चढणीवर माणूस पण दमता! म्हणान काय माणसाक टाकून देतत?"

ही मोटार मामाने सावंतवाडीच्या एका सावकाराकडून घेतली होती. घेतली म्हणजे, सावकाराला ती दारातून हलवायची होती आणि मामा नेमका दारातून चालला होता. तिच्या टाकीचं भोक साबणाने बुजवलेलं होतं. पंख्याचा पट्टा काथ्याचा होता, मामाने स्वतः वळलेला. डाव्या बाजूचं दार उघडत नसे आणि उजव्या बाजूचं मिटत नसे, त्यामुळे उजवीकडे बसणाऱ्याने ते हाताने धरून ठेवायचं. ते काम माझ्याकडे असे.

निघताना आत आम्ही चौघे. मामा, आई, दाराला धरून मी, आणि शेजारचे बापू. बापूंना मालवणला काहीच काम नव्हतं, पण प्रवासात एखादा माहीतगार माणूस बरोबर असावा असं त्यांचं मत होतं आणि तो माणूस आपणच, हेही त्यांचंच मत. बापू रोज दुकानाच्या फळीवर बसून वर्तमानपत्र वाचत. घरी ते आमच्यासारखंच मालवणी बोलत, पण जगाची बातमी सांगायची वेळ आली की एकदम पुस्तकी मराठीत शिरत. त्यामुळे बातमी खरी वाटे.

त्या वर्षी बातमी एकच होती. दूर कुठल्याशा महासागरात मोठा बाँब फोडला, त्याची पांढरी राख आभाळातून खाली आली, ती जपानी कोळ्यांच्या होडीवर पडली आणि ती माणसं आजारी पडली. आमच्या किनाऱ्यावर या बातमीने घरोघर ठाण मांडलं होतं. कोणी म्हणे, आता पाऊस पडायचा नाही. कोणी म्हणे, पडेल पण त्यात भिजायचं नाही. बाजारात एक बाई बांगड्याच्या डोळ्यांत बराच वेळ बघून, न घेताच परत गेली होती. मी तर काळजीने अंगणातली तुळससुद्धा दोनदा धुतली.

कसाल मागे टाकून कट्टा गावाच्या अलीकडच्या घाटीला लागलो आणि मोटारीने मान टाकली. बॉनेटखालून आधी सुस्कारा आला, मग शिट्टी, मग वाफेचा लोट. मामाने पोत्याचा तुकडा हातात गुंडाळून रेडिएटरचं झाकण काढलं. आत पाणी नव्हतं. खालच्या बाजूला चीर गेली होती आणि तिथून शेवटचा थेंब आमच्या देखत जमिनीवर पडला.

आजूबाजूला नुसता सडा, तापलेला उघडा कातळ. विहीर नाही, झाड म्हणावं तर करवंदीची जाळी.

"दिष्ट लागली गाडयेक," आई म्हणाली. "निघताना मीठ-मिरची ओवाळूक सांगलंय, कोण ऐकता?"

"वहिनी, दृष्टीचा प्रश्न नाही," बापू गंभीरपणे म्हणाले. "या बाँबमुळे वातावरणातली हवा विरळ झालेली आहे. इंजिनाला श्वास पुरत नाही. वर्तमानपत्रात सविस्तर आलेलं आहे."

"बापू, रेडिएटराक भोक पडलाहा!" मामा ओरडला.

"भोक का पडलं? त्याच्या मुळाशी जायला हवं."

मी मात्र एकटाच मुळाशी गेलेलो होतो. सूर्य वर चढत होता, आगबोट पुढे येत होती आणि मी घाटीत दार धरून उभा होतो. (गाडी थांबलेली होती, तरी सोडायचं भान नव्हतं.)

एवढ्यात वळणावरून शेवंताबाय आली. मध्यम वयाची, पदर खोचलेला, डोक्यावर चुंबळ आणि चुंबळीवर पितळेचा टोप. नवरा शेतात बांध घालत होता, त्याची न्याहारी घेऊन चालली होती. आईचा उन्हाने काळवंडलेला चेहरा बघून ती थांबली. टोप खाली ठेवला.

"घामान भिजलंस मगो! रव, वायच पेज पी. करवंटी आसा माझ्याकडे."

करवंटी पदराच्या गाठीत होती. ती सोडायला शेवंताबायने पाठ वळवली, तेवढ्यात दामूमामाने टोपात डोकावलं. उकड्या तांदळाची दाट पेज, चांगली शितं असलेली. मामाच्या चेहऱ्यावर मी तेव्हा जे तेज पाहिलं, ते पुढे कुठल्याही इंजिनिअरच्या चेहऱ्यावर पाहिलं नाही. त्याने टोप उचलला आणि पेज रेडिएटरमध्ये ओतायला सुरुवात केली.

"हां हां हां! मेल्या, ती पिवची आसा!" शेवंताबाय किंचाळली.

"गाडयेक पण तान लागली, बाय!"

"माझ्या घोवाची न्याहारी ती! काल रातपासून उपाशी आसा तो!"

पण अर्धा टोप आत गेला होता, आणि आम्ही सगळे चीर बघत उभे राहिलो. पहिल्यांदा पेज गळली. मग गळती बारीक झाली. मग एक शीत येऊन चिरेत बसलं, त्याच्या मागे दुसरं, आणि गळती थांबली! मामाने हँडल मारलं, इंजिन सुरू झालं. घाटीत पेज शिजल्याचा वास पसरला.

"बाय, उरलेली पण होयी. वाटेत घालूक लागतली," मामा टोप छातीशी धरून म्हणाला.

शेवंताबायने टोपाचा दुसरा कान पकडला. "मगे मी पण येतलंय. माझो टोप खंय जाता तां माका बघूक होया. तुमका ओळखता कोण? आज पेज गाडयेत घातलास, उद्या टोप घालशात!"

अशी ती आत बसली, टोप मांडीवर घेऊन. तिने विचारलं, एवढी घाई कशाची? आईने सगळं सांगितलं. वडील गेलेले, नोकरी, मुकादम, शेवटची बोट. पुढे गाडी दोनदा तापली, दोन्ही वेळा शेवंताबाय आपणहून उतरली आणि स्वतःच्या हाताने पेज ओतली. "सावकाश घालूची आसता," एवढंच मामाला म्हणाली, "ताप इलेल्या माणसाक घालतत तशी."

मालवण जवळ आलं तसं रेडिएटरचं झाकण दाबाने उडालं. ते शोधायला थांबणं शक्य नव्हतं. उघड्या तोंडातून उकळती पेज फवाऱ्यासारखी वर उडू लागली. काच, बॉनेट, आमची तोंडं, माझा नोकरीसाठी शिवलेला पांढरा सदरा, सगळ्यांवर पेज. त्याआधी रस्त्याची तांबडी धूळ बसलेली होती, त्यामुळे आम्ही आधी तांबडे आणि त्यावर पांढरे ठिपके असे दिसत होतो. वाऱ्याने ते ठिपके वाळून त्यांची पापुद्र्यासारखी भुकटी उडत होती.

अशा थाटात आम्ही मालवणच्या बंदरावर पोचलो. आगबोट दूर खोल पाण्यात उभी होती. तिच्यापर्यंत जायला पडाव, म्हणजे वल्ह्यांची मोठी होडी, आणि शेवटचा पडाव सुटायच्या बेतात.

मी दार सोडून धावलो. पडावावरच्या तांडेलाने, गणू तांडेल म्हणत त्याला, माझ्याकडे पाहिलं आणि वल्हं आडवं धरलं.

"थंयच रव! ह्यां पांढरां काय तुझ्या अंगार?"

मागून कोणीतरी ओरडलं, "राख! बाँबची राख!" पडावातली माणसं पलीकडच्या बाजूला सरकली आणि पडाव कलला. एका बाईने पोराचे डोळे झाकले.

"पेज आसा ती, पेज!" मामा धापा टाकत आला.

"पेज? खंयसून इली?"

"गाडयेतसून!"

गणू तांडेलाने शांतपणे विचारलं, "गाडयेत पेज कित्याक? गाडी काय बाळंतीण आसा?"

खरं सांगत होतो आणि आमचा आम्हालाच विश्वास बसत नव्हता. अशा वेळी माहीतगार माणसाने गप्प बसावं. पण बापूंच्या आजूबाजूला पन्नास माणसं जमलेली होती.

"घाबरण्याचं कारण नाही," बापू पुढे होऊन पुस्तकी मराठीत म्हणाले. "राखेची लक्षणं सुरुवातीला अशीच दिसतात खरी. पांढरे ठिपके, डोळे लाल, मळमळ. तथापि..."

तथापिच्या पुढे कोणी थांबलं नाही. गर्दी मागे हटली. माझे डोळे लाल होतेच आणि मळमळ तर बापूंनी नाव घेताक्षणी सुरू झाली! आगबोटीची पहिली शिट्टी झाली. गणूने दोर सोडायला घेतला. मी तिथे तसाच उभा राहिलो. आईने माझा हात पकडला होता. खोटं का बोलू, त्या क्षणी मलाही वाटलं की राखच असावी.

शेवंताबाय गाडीतून उतरली. टोप कडेवर घेऊन गर्दीतून सरळ आली. गर्दीने तिला वाट दिली, कारण तिच्या अंगावरही ठिपके होते. तिने माझ्या सदऱ्यावरचा एक जाड ठिपका नखाने खरवडला, तोंडात घातला आणि चघळला.

"मीठ कमी पडला," ती म्हणाली.

तिने दुसरा ठिपका खरवडला आणि बोट गणूपुढे धरलं.

"घे, खा. माझ्या घराची पेज आसा. सकाळी चुलीर ठेवलंय, माझो घोव अजून उपाशी आसा थंय. ह्या पोरग्याक बापूस नाय. बोट चुकली तर आवशीक काय घालतलो, तुझी राख?"

गणूने बोटाकडे पाहिलं, शेवंताबायच्या डोळ्यांकडे पाहिलं, आणि चाटलं. आम्ही सगळे त्याच्या तोंडाकडे बघत होतो.

"उकड्याची आसा," तो हळूच म्हणाला.

"मगे? तुझी बायल घालता तुका असली दाट?"

"नाय गे," गणू म्हणाला. "आमच्याकडे पाणीच जास्ती." आणि तो हसला. मग पडावातले हसले, मग बंदर हसलं. फक्त बापू म्हणत राहिले की हा प्रयोग शास्त्रीयदृष्ट्या धोक्याचा होता. गणूने माझ्या दंडाला धरून मला पडावात ओढलं. आईला काही बोलायला वेळच मिळाला नाही. पडाव सुटेपर्यंत ती माझ्या बाहीवरची पेज पदराने पुसत होती. तिने दिलेला निरोप म्हणजे तेवढाच, ओल्या पदराचा.

आगबोटीवर चढलो तेव्हा मुकादमाने मला वरून खालपर्यंत पाहिलं आणि विचारलं, "जेवून इलंस वाटता?"

त्याआधी पडावातून मी मागे बघत होतो. धक्क्यावर मामा हँडल मारत होता. मारत होता, मारतच होता. गाडी सुरू झाली नाही. शेवंताबायने थोडा वेळ वाट पाहिली, मग चुंबळ डोक्यावर ठेवली, तिच्यावर रिकामा टोप ठेवला आणि कट्ट्याच्या वाटेला लागली. भर उन्हात, एवढी वाट, पायी. मी तिला आभाराचा एक शब्दही बोललो नव्हतो. ओरडलो, पण आगबोटीची दुसरी शिट्टी नेमकी तेव्हाच झाली.

इथे कारखान्यात मला बॉयलरमध्ये पाणी किती आहे ते बघायचं काम आहे. लोकांना वाटतं मी फार दक्ष आहे. मला फक्त भीती वाटते, की पाणी कमी झालं तर कोणीतरी कुणाच्या तरी नवऱ्याची न्याहारी आणून ओतेल.

शेवंताबाय, तुला त्या दिवशी चालत जावं लागलं. एक दिवस मी तुला मोटारीने, थेट तुझ्या अंगणापर्यंत सोडणार आहे. हा माझा शब्द आहे. त्याआधी मोटार घ्यायला हवी, त्याआधी ती चालवायला शिकायला हवी, आणि त्याच्याही आधी, मोटारीत बसलं की डोळे मिटून दार घट्ट धरायची जी सवय मला लागली आहे, ती सुटायला हवी. एवढं झालं की निघालोच.