आप्पांच्या पोथीतला मासा

आप्पांनी पोथी वाचायचं बंद केलं ते माझ्यामुळं. घरात सगळ्यांना हे माहीत आहे, पण माझ्यासमोर कुणी बोलत नाही. म्हणून मीच लिहून ठेवते.

आप्पा म्हणजे माझे वडील. मांडवगण फराट्याच्या पुढं, भीमेच्या काठाला आमचं गाव. नदीला लागून मळा, त्यात झेंडू आणि शेवंती. श्रावणात दुपारी मारुतीच्या देवळात पोथी लावायची हे काम आप्पांकडं त्यांच्या चुलत्यांकडून आलं होतं. ऐकायला सात-आठ बायका आणि दोन म्हातारे. आप्पा चौथीपर्यंत शिकलेले, पण ओव्या म्हणायला लागले की वाटायचं, हा माणूस शेतात कधी गेलाच नसेल.

त्यातही मत्स्यावताराचा अध्याय त्यांचा खास लाडका. मनूच्या ओंजळीत पाण्याबरोबर इवलासा मासा येतो आणि म्हणतो, मला वाचव, मोठे मासे मला खातील. मनू त्याला घागरीत ठेवतो, मग तळ्यात, मग नदीत. मासा वाढतच जातो. शेवटी तोच सांगतो, प्रलय येणार आहे, नाव बांध, ऋषींना घे, आणि सगळ्या धान्याचं बियाणं घे. इथं आप्पा हमखास थांबायचे आणि चष्म्यावरून बायकांकडं बघत म्हणायचे, "बघा, देवाला बी ठावं हुतं. नुस्तं माणूस वाचून काय उपेग? बी वाचाय पायजे."

आप्पांचे एक मित्र होते दौंडला. रेल्वेत गार्ड म्हणून निवृत्त झालेले, ख्रिस्ती. आप्पा त्यांना गार्डसाहेब म्हणत, मी काका म्हणायची. त्यांची पत्नी वारली तेव्हापासून ते दौंडच्या बाजारात आप्पांकडून शेवंती न्यायचे. फुलं कबरीवर ठेवायला लागतात हे आप्पांना कळलं, त्या दिवसापासून त्यांची फुलं आप्पा वेगळ्या ओल्या फडक्यात बांधून आणायला लागले. तिथून दोघांचं जमलं. मग काका अधूनमधून जीपनं आमच्या गावी यायचे, नदीत गळ टाकून बसायचे. आप्पा माळकरी, माशाला हात लावत नसत, पण मित्राशेजारी काठावर बसायला त्यांची हरकत नसायची.

तिथंच त्यांच्या पुराच्या गप्पा रंगायच्या. काकांच्या पवित्र शास्त्रातही पूर होता. नोहा नावाचा भला माणूस, तीन मजली तारू, जनावरांच्या जोड्या.

"आमच्या नावेला मासा वढून न्हेतो," आप्पा म्हणायचे. "शिंगाला दोर बांधून. तुमच्या तारवाला कोण वढतं?"

"कोणी नाही. आमचं तारू तरंगत राहतं. पण दार कोणी लावलं, विचारा."

"कुणी?"

"देवानं. स्वतः, बाहेरून." काकांना याचं फार अप्रूप. सगळा जन्म गाडीच्या शेवटच्या डब्यात गेलेला माणूस तो. "सगळे आत बसले याची खात्री करून दार लावायचं, आप्पा, हे काम सोपं नाही."

मी दौंडला एका शाळेत इतिहास शिकवते. त्या वर्षी नववीच्या वर्गासाठी जगातल्या पुराच्या कथा जमवत होते. वर्गातल्या मुस्लीम मुलींनी नूह पैगंबरांच्या नावेची गोष्ट सांगितली, त्यांचा मुलगा नावेत आलाच नाही आणि बुडाला, हेही सांगितलं. मी पुस्तकं काढली, रात्रंदिवस तेच वाचलं. दोन नद्यांच्या मधल्या जुन्या देशात, आजच्या इराककडं, मातीच्या ओल्या विटांवर कोरून लिहिलेली एक पूरकथा सापडली आहे. त्यातही देव एका माणसाला सावध करतो, तो नाव बांधतो, पाणी ओसरलं का बघायला पक्षी सोडतो. आणि ती नोहाच्या कथेहून जुनी, असं अभ्यासक म्हणतात. आपल्या मत्स्यकथेचंही तसंच. सगळ्यात जुन्या सांगण्यात तो नुसता मासा आहे, तो विष्णू झाला नंतरच्या ग्रंथांत.

मला हे सगळं नवं होतं आणि डोक्यात भरलेलं होतं. श्रावणातल्या एका रविवारी गावी गेले, तर ओसरीवर आप्पा आणि काका बसलेले. आप्पा दुपारच्या अध्यायाची उजळणी करत होते. मी चहाचा कप हातात घेऊन उभ्याउभ्याच सुरू झाले. कुठली कथा आधीची, कुणी कुणाकडून उचलली, कुठं काय नंतर घुसडलं. पेपर तपासताना लाल पेन चालवावं तशी बोलत गेले.

काका आधी हसले. मग अंगणाकडं बघायला लागले.

आप्पांनी विचारलं, "म्हंजी आमचं काई खरं न्हाई?"

"इतिहास म्हणून नाही, आप्पा. गोष्ट आहे ती."

"आन् ह्यांचं?"

"त्यांचंही तसंच."

आप्पांनी पोथी मिटली, लाल फडक्यात बांधली आणि आत जाऊन कोनाड्यात ठेवली. त्या दुपारी ते देवळात गेले नाहीत. बायका वाट बघून उठल्या. दुसऱ्या दिवशी एक म्हातारी घरी विचारायला आली, तर आप्पा म्हणाले, "डोळ्याला दिसंना आता." डोळ्यांना काही झालं नव्हतं. रोजचा पेपर ते वाचतच होते.

मी दोनदा विषय काढला. दोन्ही वेळा ते फुलांबद्दल बोलले. काका यायचे, पण पुराची गोष्ट दोघांत पुन्हा निघाली नाही. पुढच्या श्रावणात देवळात कुणीतरी स्पीकरवर रेकॉर्डिंग लावलं. बायका दोन दिवस आल्या, मग येईनाशा झाल्या.

त्याच श्रावणाच्या शेवटी भीमेला पाणी आलं. वरची धरणं भरली होती आणि पाणी सोडल्याचे निरोप सकाळपासून येत होते. मी सुट्टीला गावीच होते. दुपारपर्यंत पाणी मळ्यात शिरलं, झेंडूचे शेंडे तेवढे दिसत राहिले. तलाठी आणि पोलीस पाटील घरोघर सांगत फिरले, शाळेत चला. शाळा उंचावर आहे.

भाऊ गुरं सोडत होता. मी आप्पांना विचारलं, "काय काय घेऊ?"

"बी घे," ते म्हणाले. माळ्यावर डब्यात झेंडूचं बी होतं, घरचं, वर्षानुवर्षं धरत आणलेलं.

"आणि पोथी?"

ते दावी सोडायला भावाकडं वळले. मी दोन्ही घेतलं.

दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत शाळेचे चारही वर्ग भरले होते. पत्र्यावर पावसाचा इतका आवाज की शेजारच्याशी ओरडून बोलावं लागे. आमच्या वर्गात काठावरची भिल्लांची घरंही होती. ते लोक नदीत मासे धरतात. त्यातली एक म्हातारी कोपऱ्यात बांबूच्या पाटीखाली कोंबडा झाकून बसली होती. भांडी, जाळी, सगळं वाहून गेलं होतं तिचं. कोंबडा तेवढा आणला होता. पावसाचा जोर जरा कमी झाला तसा तो पाटीखालून आरवला, आणि इतका वेळ रडवेली झालेली पोरं हसायला लागली.

"आजे, कोंबडा कशाला आणला?" एका मुलीनं विचारलं.

"पाणी आलं की कोंबडा घ्याचा," म्हातारी म्हणाली. "आमच्यात सांगत्यात तसं. एक धोबी हुता. नदीवर कापडं धुवायचा आन् माशाला रोज भात टाकायचा. एक दिस मासा म्हनला, बाबा, लई पाणी येनार हाय, मोठी पेटी कर आन् आत बस. धोब्यानं पेटी केली. बहीन घेतली संगं आन् कोंबडा घेतला. सगळं बुडालं. पेटी तरंगत ऱ्हायली. मंग पाणी उतरलं, पर देवाला कुटं ठावं कुणी जित्तं हाय का न्हाई? तवा कोंबडा आरवला. देव म्हनला, आरं, हितं हायेत की!"

मी आप्पांकडं बघितलं. ते भिंतीला टेकून बसले होते. हळूच सरकत सरकत ते म्हातारीसमोर जाऊन बसले.

"मावशी, ही गोष्ट कुणी सांगितली?"

"आयनं. तिला तिच्या आयनं."

"पोथीत हाय का कुठल्या?"

"आमाला कुटली पोथी, आप्पा?"

"मग खरी कशावरनं?"

म्हातारीनं जरा विचार केला. "खरं-खोटं मला न्हाई ठावं. कोंबडा घ्याचा एवढं ठावं हाय."

आप्पांनी तिला गोष्ट पुन्हा सांगायला लावली. भात रोज टाकायचा का, पेटी कशाची होती, असे प्रश्न विचारत ऐकली. मग माझ्याकडं वळले. वर्षभरात पहिल्यांदा त्यांनी तो विषय स्वतः काढला.

"तुझी ती विटांवरली गोष्ट सांग पोरांना."

"आत्ता?"

"मग कवा?"

मी सांगायला लागले आणि माझ्या लक्षात आलं की ही गोष्ट मी कधी सांगितलेलीच नाही. तिचं वय सांगितलं होतं, ती कुठं सापडली ते सांगितलं होतं. माणूस नाव बांधतो, वादळ येतं, इतकं की देवसुद्धा घाबरतात. मग एका सकाळी सगळं शांत होतं. तो नावेची खिडकी उघडतो, तोंडावर ऊन पडतं, बाहेर कुठंच कुणी नसतं. आणि तो खाली बसून रडतो.

इथं मी थांबले. खिडकीतून आमचा मळा दिसत होता, म्हणजे मळा होता तिथलं पाणी. म्हातारीनं माझ्या गुडघ्यावर हात ठेवला आणि म्हणाली, "रडंल न्हाई तर काय करंल त्यो?"

थोड्या वेळानं आप्पा म्हणाले, "पोथी आणलीस न्हवं?"

मी पिशवीतून काढून दिली. त्यांनी फडकं सोडलं, पण वाचायच्या आधी माझा फोन मागितला. पूल पाण्याखाली होता, दौंडचा रस्ता बंद. दोन-तीनदा प्रयत्न केल्यावर काकांना फोन लागला.

"गार्डसाहेब, ठीक हाय न्हवं?"

"मी ठीक आहे, तिसऱ्या मजल्यावर आहे. तुम्ही कुठं आहात?"

"शाळंत. हितं सगळ्यांची गोष्ट झाली, तुमची ऱ्हायलीय. तेवढी दाराची सांगा."

मग काकांनी स्पीकरवरून सांगायला सुरुवात केली. जनावरांच्या जोड्या चढत होत्या तोवर फोन दोनदा कटला, पोरं ओरडायची आणि आम्ही पुन्हा लावायचो. दाराशी आले तेव्हा काकांचा आवाज बदलला. "देवानं दार लावलं," ते म्हणाले, "पण बाहेर राहिले त्यांचा आवाज आतल्यांना ऐकू आला असेल का, हे मी कधी कुणाला विचारलं नाही. दोन दिवस झाले, इथं खिडकीत उभा राहून तेच मनात येतंय."

त्यावर आप्पा म्हणाले, "आला आसंल, साहेब." एवढंच. मग त्यांनी मत्स्यावताराचा अध्याय वाचला. बियाण्याशी थांबले नाहीत, सरळ पुढं गेले.

चौथ्या दिवशी पाणी उतरलं. घरात खिडकीपर्यंत गाळ होता, मळ्यातलं पीक गेलं. गावात माणूस दगावलं नाही. गाळ उपसताना मी आप्पांना म्हणाले, "मी तेव्हा बोलले ते चुकलं माझं."

"चुकीचं न्हाई बोललीस," ते फावडं न थांबवता म्हणाले. "मी आजून बी म्हनतो, खरं आसंल ते. पर तू त्या दिवशी माझ्याशी बोलत न्हवतीस, वर्गाशी बोलत हुतीस. मला राग त्याचा आला."

यंदा श्रावणात आप्पांनी देवळात पुन्हा पोथी लावली. मत्स्यावताराचा अध्याय संपला की ते पोथी मिटतात आणि धोब्याची गोष्ट सांगतात, नोहाची सांगतात, विटांवरची सांगतात. शेजारच्या गावचे एक बुवा एकदा ऐकायला आले होते. देवळात बसून हे काय भलतंच, असं ते म्हणाले. आप्पांनी त्यांना चहा दिला आणि सांगितलं, "बुवा, पाणी काय एकट्या आपल्याच गावात आलं न्हवतं."

मध्यंतरी त्यांना एक शंका आली. नोहाच्या बायकोचं नाव काय, हे काकांनाही सांगता येईना. धोब्याच्या बहिणीचंही नाव कुणी घेतलं नव्हतं. आप्पा एका सकाळी मला घेऊन काठावर गेले. म्हातारीनं नवी झोपडी उभी केली होती आणि दारात जाळं विणत बसली होती.

"मावशी, त्या बहिणीचं नाव काय वं?"

तिनं मान वर केली आणि दात नसलेलं तोंड भरून हसली. "आप्पा, तिला नाव घेऊन हाक मारायला हुतंच कोण? सगळं बुडालं हुतं. भाऊ तिला बाय म्हनायचा."

आप्पांनी मान डोलावली. परत येताना बांधावर ते म्हणाले, "उद्यापास्नं तिला बायच म्हनू."