मनगटावरचे ठिपके

नगरमध्ये मी बरीच वर्षं त्वचारोगांचा दवाखाना चालवते. आमच्या धंद्यात नोंद ठेवणं अवघड. ताप आकड्यात लिहिता येतो, चट्टा येत नाही. म्हणून मी केसपेपरवर माणसाची आकृती काढून पेनाने डाग रंगवते आणि सोबत फोटो काढून ठेवते. आमच्या पेशंटना फोटो म्हणजे फोटो. कोपराचा काढायचा म्हटलं तरी माणूस आधी केसांवरून हात फिरवतो, आणि हाताचा म्हटलं की बायका चांगला हात वर ठेवून खराब हात त्याखाली झाकतात.

हे फोटो फोनमध्ये, जुन्या कॅमेऱ्यात, कॉम्प्युटरवर, असे पांगले होते. शेवटी नोंदींसाठी सॉफ्टवेअर घ्यायचं ठरवलं.

पहिला विक्रेता पुण्याहून कोट घालून आला. नगरच्या मार्चमधल्या दुपारी कोट घालणाऱ्या माणसाबद्दल मला आदर वाटतो आणि काळजीही.

"मॅडम, हे नुसतं सॉफ्टवेअर नाही, ही एक इकोसिस्टीम आहे," तो म्हणाला.

"मला फोटो हवेत. एकाच पेशंटचे, तारखेप्रमाणे, एकाशेजारी एक."

"ते तर आहेच. आमचं एआय ते फोटो वाचतं आणि प्रगती सांगतं."

मी त्याला पुणतांब्याच्या एका बाईचे फोटो दिले. तिला आधी विचारलं होतं, नाव झाकलं होतं, चेहरा नव्हताच. पन्नाशीची शेतकरी बाई, उजव्या हाताच्या पाठीवर कोड, बोटांपासून मनगटापर्यंत. दोन वर्षांपासून ती मलम लावून सकाळच्या उन्हात हात धरत होती आणि दर दोन-तीन महिन्यांनी रेल्वेने दाखवायला येत होती. केसपेपरवर मी दर वेळी एकच शेरा लिहीत आले होते: जैसे थे.

एआयने फोटो वाचले. मधल्या एका फोटोवर हिरवी खूण उमटली: रोग जवळजवळ पूर्ण बरा. पुढच्याच फोटोवर लाल: प्रकृती गंभीररीत्या खालावली, तातडीने लक्ष द्यावे.

विक्रेत्याने माझ्याकडे बघितलं, जणू चूक माझ्या उपचारांतच होती. माझी रिसेप्शनिस्ट चहा ठेवायला आली होती. तिने स्क्रीनकडे एकदाच पाहिलं.

"अहो, ती मेंदी आहे. नागपंचमीची."

खरंच होतं. बाईने नक्षी-बिक्षी न काढता हाताच्या पाठीवर मेंदी सरळ लिंपली होती, पांढरं दिसूच नये म्हणून. श्रावणात आमच्याकडचे निम्मे पेशंट अशा हातांनी येतात.

"मेंदीचं अपडेट येईल, मॅडम," विक्रेता म्हणाला आणि त्याने रुमालाने मान पुसली.

दुसरं सॉफ्टवेअर भिंगारमधल्या एका बाईंनी बनवलेलं होतं. त्या फोनवर म्हणाल्या, "डॉक्टर, आमचं काही वाचत वगैरे नाही. फोटो एकावर एक अचूक जुळवून पुढे सरकवतं, एवढंच. त्याला प्रत्येक फोटोत न बदलणारी एखादी खूण दाखवावी लागते. वाचायचं तुम्ही." मला हे फार दिवसांनी ऐकलेलं सभ्य वाक्य वाटलं. चाचणीसाठी त्यांनी ते आमच्या कॉम्प्युटरवर घालून दिलं.

त्याच आठवड्यात पुणतांब्याची बाई नवऱ्याबरोबर आली. बसली नाही.

"म्याडम, औषध आता बास करते. सांगून जावं म्हनलं."

"का हो काकू?"

"फरक न्हाई. लई झालं."

"रोज सकाळी हात धरून उन्हात बसती," नवरा म्हणाला. "आता म्हशी बी बघाया लागल्यात, ही नेमकं काय वाळवती म्हनून."

ती हसली नाही. मी लग्नसराईचं काही विचारलं, तेव्हा हळूहळू सांगू लागली. भावकीतल्या प्रत्येक लग्नात पुरणपोळ्या तिच्या हातच्या असायच्या. आता वैशाखात पुतणीचं लग्न होतं.

"नको असं कुनी म्हनत न्हाई, म्याडम. फकस्त मी जायच्या आधी कनिक मळून झालेली असती."

मी तिचा हात खिडकीशी नेऊन पाहिला. मला तरी तो पूर्वीसारखाच दिसला. तिला थांबवायचं म्हणून मी भिंगारचं सॉफ्टवेअर उघडलं. न बदलणारी खूण कोणती धरावी हे मी शोधत होते, तर तिनेच मनगटाखाली बोट ठेवलं. "ही घ्या. नंदेच्या लग्नात तवा लागल्याला." तो भाजल्याचा जुना डाग प्रत्येक फोटोत होता. मी सगळीकडे त्यावर खूण केली आणि फोटो सरकायला सोडले.

हात पडद्यावर स्थिर राहिला आणि दोन वर्षं त्याच्यावरून सरकली. आधी नुसतं पांढरं. मग मनगटाच्या कडेला एक तपकिरी ठिपका, मोहरीएवढा. मग त्याच्या शेजारी दुसरा. जिथे जिथे बारीक लव होती तिथे तिथे एकेक ठिपका उगवत होता, पसरत होता, शेजाऱ्याला जाऊन मिळत होता. मध्येच क्षणभर अख्खा हात लालसर झाला आणि परत पांढरा.

"ही बघ तुजी पंचीम," नवरा पुटपुटला.

केसाच्या मुळाशी रंगाच्या पेशी दडून राहतात आणि तिथून वर येऊन पसरतात, हे मी कॉलेजात वाचलं होतं, परीक्षेत लिहिलं होतं, शेकडो पेशंटना सांगितलं होतं. पण त्यांना चालताना मी कधी पाहिलं नव्हतं. माझ्या डोळ्यांसमोर, मी 'जैसे थे' लिहीत असताना, हे शरीर कुणालाही न कळवता, ठिपक्याठिपक्याने आपला रंग परत आणत होतं. मोठमोठ्या दाव्यांना मी सहसा हसते. इथे कुणी दावाच करत नव्हतं. मला उभं राहावंसं वाटलं, आणि मी उभी राहिलेही.

"परत लावा," बाई म्हणाली.

मी परत लावलं. तिने स्वतःचा हात पडद्याशेजारी धरला आणि डोळे बारीक करून एकेक ठिपका ताडून पाहिला. सगळे होते. इतके फिके, की कुठे बघायचं ते ठाऊक असल्याशिवाय दिसणार नाहीत.

"लग्नापत्तुर व्हईल?"

"नाही. आणि बोटांच्या टोकांचं मी सांगूच शकत नाही. तिथे लव नसते."

"आन मनगटाचं?"

"मनगटाचं तुम्ही आत्ता पाहिलंत."

ती खुर्ची ओढून बसली, बांगड्या कोपराकडे सरकवल्या आणि उजवा हात टेबलावर, खिडकीच्या उजेडात पालथा ठेवला. डावा हात मांडीवरच राहिला.

"आजचा काढून घ्या," ती म्हणाली. "आन हलू देऊ नका, म्याडम. फुडं सिनेमात हलंल."

भिंगारच्या बाईंना मी त्याच दुपारी होकार कळवला.