प्लॅटिनमचं नाणं आणि आईच्या पाटल्या

त्या सराफावर मी वीसेक वर्षं डूख धरून होते, आणि त्याची मला अजिबात लाज वाटत नाही.

गिरणीचा संप लांबला तेव्हा आईने माहेरच्या पाटल्या लालबागला त्याच्याकडे मोडल्या. मी तिच्यासोबत होते. त्याने पाटली कसोटीच्या दगडावर घासली, तेजाबाचा थेंब टाकला आणि तोंड वाकडं करून सांगितलं, की सोन्यात भेसळ आहे, घट बरीच जाईल. पैसे कमी आले ते एक वेळ चाललं असतं. पण बाबांनी ते वाक्य उचललं. सासऱ्याने पितळ गळ्यात मारलं, हा टोमणा आईने पुढे प्रत्येक सणाला ऐकला. आजोबा वारले त्या दिवशीही बाबांनी तो सोडला नाही.

म्हणून मी धातू शिकले. दीर बोटीवर होते, ते परदेशातून प्लॅटिनमची नाणी आणून द्यायचे. वजन, शुद्धता, टांकसाळीचं सीलबंद पाकीट, सगळं मला पाठ झालं. ओरखडा पडला की संग्राहकाच्या लेखी नाणं संपतं, नुसता धातू उरतो, हेही कळलं.

पाडव्याच्या आदल्या दिवशी, दुकान भरलेलं असताना, मी आईबाबांना घेऊन गेले. सराफ म्हातारा झाला होता, पण गादीवर तोच. माझं सर्वांत आवडतं नाणं मी पाकिटातून काढून मोडीसाठी पुढे केलं. त्याने ते दगडावर घासलं. मी घासू दिलं. तेजाब टाकल्यावर रेघ हललीसुद्धा नाही. त्याने माझ्या साध्या साडीकडे पाहिलं.

"चांदी आहे," तो म्हणाला. "भेसळीची. घट जाईल."

मी नाण्याचं प्रमाणपत्र गादीवर ठेवलं. चांदीची रेघ तेजाबाने विरते हे तुम्हाला ठाऊक नाही का, असं दुकानभर ऐकू जाईल एवढ्या आवाजात विचारलं. मग संपातल्या पाटल्यांचं विचारलं. गिऱ्हाइकं वळून बघू लागली. तो काहीतरी पुटपुटला. मी त्याला मोठ्याने बोलायला लावलं.

"सोनं चोखच असायचं, बाई. संपात मोडायला येणाऱ्या सगळ्यांना मी तेच सांगायचो."

मला गारेगार वाटलं. आता आई त्याला शिव्या घालेल म्हणून मी बाजूला सरले. तिने त्याच्याकडे पाहिलंही नाही. ती बाबांकडे वळली.

"तेचा ऱ्हवांदे," सराफाचं राहू दे अशा अर्थाने ती तिच्या मालवणीत म्हणाली. "आता तुमी बोला."

बाबा चपला शोधू लागले. आई जाऊन दार अडवून उभी राहिली.