तीन पडद्यांचा पहारा

आमच्या ऑफिसात त्यांना सगळेच बटणराव म्हणत. तोंडावर म्हणण्याची हिंमत मात्र फक्त चहा करणाऱ्या मावशींची. खाली पडलेलं पेन उचलायला तुम्ही वाकलात, तर वर येईपर्यंत डोक्यावरचा पंखा बंद झालेला असायचा. त्यांच्या पत्नी एकदा म्हणाल्या होत्या की आमच्याकडे फ्रीज उघडायचा तर आत काय घ्यायचंय ते आधी ठरवून जावं लागतं.

औषधांच्या बाटल्यांवरची लेबलं आखून देणं हा आमचा धंदा. बटणराव त्यातले सर्वांत जुने. मुंगीच्या पायाएवढी अक्षरं बसवण्यात त्यांचा हात धरणारा कोणी नव्हता. त्या कामासाठी त्यांच्या टेबलावर कॉम्प्युटरचे दोन पडदे होते, एक नवा रुंद आणि एक आधीचा. मी हिशेब बघतो आणि माझी खुर्ची त्यांच्या शेजारी आहे, म्हणून पुढचं सगळं मला बसल्या जागेवरून दिसलं.

एकदा ऑफिस सलग चार दिवस बंद होतं. उघडल्यावर साहेबांनी सहज मीटर पाहिला, तर फ्रीज आणि माशांची काचपेटी धरूनही आकडा बराच पुढे गेलेला. साहेबांनी सगळ्यांना बोलावून विचारलं की कुलूप लावलेल्या ऑफिसात वीज खातं कोण? सगळ्यांच्या नजरा कोपऱ्याकडे वळल्या. तिथे मावशींचं पाणी तापवायचं विजेचं भांडं होतं. साहेब म्हणाले, महिनाअखेरपर्यंत कारण सापडलं नाही तर ते भांडं काढून आपोआप चहा ओतणारं यंत्र आणू. मावशींचं काय, हे त्यांनी सांगितलं नाही आणि कोणी विचारलंही नाही. मावशी एकोणीस वर्षं तो कोपरा सांभाळत होत्या. एवढंच म्हणाल्या, "मी रोज प्लग काढते. हात फडक्याला पुसते आणि काढते."

बटणरावांना हा स्वतःचा अपमान वाटला. ते असताना ऑफिसात वीज वाया जाते म्हणजे काय? तपास त्यांनी स्वतःहून मागून घेतला.

मुख्य मीटरजवळ त्यांनी एक मोजणारं उपकरण बसवलं. त्याचे आकडे मिनिटामिनिटाला त्यांच्या कॉम्प्युटरवर येत. ते दिसावेत म्हणून अडगळीतून एक जुना चौकोनी पडदा काढून पुसला आणि टेबलावर मांडला. असे तीन पडदे झाले. नोंद तुटू नये म्हणून पडदे कधी झोपणारच नाहीत अशी व्यवस्थाही केली. कॉम्प्युटर तर ते तसाही कधी बंद करत नसत. चालू करताना धक्का बसतो आणि त्यात जास्त वीज जाते, असं त्यांनी कुठेतरी वाचलं होतं. ते आम्हालाही सांगत, पण आम्ही आळशी माणसं, रोज बंद करून घरी जायचो.

पहिल्या सुट्टीनंतर आकडे आले. चोरी वाढली होती. तपास सुरू झाल्यावर चोर अधिक निर्ढावला, असा बटणरावांनी निष्कर्ष काढला. पुढच्या सुट्टीला त्यांनी मावशींच्या भांड्याची वायरच पिशवीत घालून घरी नेली. आकडा तसूभर हलला नाही. त्या सोमवारी ते मावशींसमोर उभे राहिले आणि चहा न मागता म्हणाले की तुमचा काही संबंध नाही, हे मला आता कळलंय. मावशींनी कप पुढे केला. "तुम्हाला कळून काय उपयोग, साहेबांना कारण हवंय," त्या म्हणाल्या.

मग फ्रीज रिकामा करून बंद झाला, माशांची काचपेटी कोणाच्या तरी घरी गेली, दाराची घंटासुद्धा काढली. आकडा थोडा उतरला आणि एकशे सत्तर वॅटवर हटून बसला. चोर सोडून संन्याशाला सुळी जाणार, असं आम्ही आपसात कुजबुजू लागलो. बटणरावांना जेवण जाईना.

महिन्याचा शेवटचा सोमवार उजाडला. दुपारी साहेब यंत्रवाल्याला होकार देणार होते. सकाळी मावशी टेबलं पुसत होत्या. बटणरावांच्या टेबलाखालचा कॉम्प्युटरचा डबा पुसताना त्यांनी हात तिथेच ठेवला.

"बटणराव, दोन दिवस सुट्टी होती ना? बाकीचे डबे थंडगार आहेत. हा माझ्या भांड्यासारखा गरम कसा?"

बटणरावांनी स्वतः डब्यावर हात ठेवून पाहिला. त्यांनी कॉम्प्युटर दुरुस्त करणाऱ्या बाईंना फोन करून बोलावलं. बाईंनी त्या टेबलाची सगळी वायर एका छोट्या मीटरमधून घेतली. एकशे सत्तर. जुन्या चौकोनी पडद्याची वायर उपटली. एकशे पंधरा.

"तो पडदा फार तर पंचवीस खातो," बाई म्हणाल्या. "बाकीचे तीस तुमच्या ग्राफिक्स कार्डाचे." कार्ड म्हणजे पडद्यांवर चित्र पाठवणारा भाग, हे त्यांनी मला वेगळं सांगितलं. एक पडदा असेल तर काम नसताना तो भाग सुस्तावतो. तीन पडदे तीन वेगवेगळ्या वेगांनी चित्र बदलणारे असले की त्याला आपली मेमरी संथ करताच येत नाही. चित्र हलत नसलं तरी तो पूर्ण वेगाने पळत राहतो. थोडक्यात, तीन साहेबांच्या दारात उभा असलेला शिपाई. काम काही नाही, पण बसायची सोय नाही. दोन पडद्यांवरही हे थोडंफार चालूच होतं, असंही त्या म्हणाल्या. म्हणजे त्या चार दिवसांचा हिशेबही लागला.

बटणरावांनी अहवालासाठी छोट्या मीटरवरचा आकडा उतरवून घेतला. मी हळूच सुचवलं की अहवालात 'यंत्रातील दोष' असं लिहावं. खोटं नाही आणि कोणाचं नावही येत नाही. ऑफिसात अशी वाक्यं लिहिण्यात माझी उमर गेली आहे.

"यंत्र मी चालू ठेवलं होतं," ते म्हणाले आणि साहेबांच्या केबिनकडे निघाले. जाताना सवयीने माझ्यावरचा पंखा बंद केला, मग थांबले आणि पुन्हा लावला.

केबिनचं दार उघडंच होतं. "साहेब, चोर सापडला. माझ्या टेबलाखाली होता, आणि मीच त्याला पोसत होतो. मावशींच्या भांड्याला हात लावू नका." साहेब आधी हसले, मग त्यांना हसू आवरेना. ऑफिसभर ती गोष्ट चहाआधी पोहोचली. घरी बायकोने फक्त 'काखेत कळसा' एवढंच म्हटलं. उरलेली म्हण, बटणराव सांगतात, ती रोज फ्रीज उघडा ठेवून पूर्ण करते.

चहाचं यंत्र आलं नाही. उलट संध्याकाळी सगळं बंद करून कुलूप लावायचं काम साहेबांनी मावशींकडे दिलं. आता सहा वाजले की मावशी फडक्याला हात पुसत बटणरावांच्या मागे येऊन उभ्या राहतात. म्हणतात, "उठा." ते कॉम्प्युटर बंद करतात, मावशी वाकून प्लग काढतात आणि डब्यावर हात ठेवतात. तो थंड होत चाललाय अशी त्यांची खात्री होईपर्यंत बटणराव पिशवी काखेत धरून उभे असतात. घरी जायची परवानगी अजून मिळालेली नसते.