खोबरेलावर चालणारी सायकल

"खोबरेल घातलंय, आता काय्येक नको," असं म्हणून काका चेनवर बोट फिरवायचे आणि ते काळं बोट माझ्या नाकासमोर धरायचे. मी वास घ्यावा आणि मान डोलवावी अशी त्यांची अपेक्षा असे. भांडुपला चढाच्या पायथ्याशी माझं सायकल दुरुस्तीचं दुकान आहे. ग्रीस, डिझेल, पंक्चरचं सोल्युशन, सगळे वास मी वर्षानुवर्षं पचवलेत. सायकलीला येणारा खोबरेलाचा वास मात्र आजही माझ्या डोक्यात जातो.

तुमच्याही ओळखीत असा एखादा गृहस्थ असेलच. नळ गळला की चिंधी बांधणारा, चप्पल तुटली की तारेने शिवणारा, आणि वर चारचौघांत त्याचं कौतुक सांगणारा. आमच्या चढावर राहणारे मालवणी काका त्यातले. तरुणपणी ते गिरणीत यंत्रांना तेल घालायचे. गिरणी बंद पडली, पुढची सगळी नोकरी वॉचमनची झाली, पण तेलावरचा हक्क त्यांनी सोडला नाही. दर मे महिन्यात गावाहून स्वतःच्या माडांचं खोबरेल यायचं. त्यातली एक बाटली डोक्याला आणि एक सायकलीला.

"काका, ते तेल धूळ धरतं. चेनवर चिखल झालाय नुसता. सगळी खोलून ओव्हरऑइलिंग करून घ्या, छरे बदलू, ब्रेकची रबरं बदलू."

"तू घाटावरचो. तुका खोबरेलाचो गुण काय कळतलो?"

थंडीत ते तेल चेनवर गोठायचं. मग काका सायकल उन्हात उभी करून ठेवायचे. मी कपाळावर हात मारायचो.

नुसतं हसून सोडून देता आलं असतं, पण मागच्या कॅरिअरवर काकी बसायच्या. खाली स्टेशनजवळ दोन घरी त्या स्वयंपाक करायच्या. रोज सकाळी एका बाजूला पाय सोडून, मांडीवर पिशवी धरून, त्या आमच्या उतारावरून खाली यायच्या. आमचा उतार तुम्ही पाहिला नसेल तर सांगतो, तिथे रिक्षावालेसुद्धा पुटपुटत उतरतात. दुकानात बसून मला ती झिजलेली रबरं दिसायची आणि माझा जीव वरखाली व्हायचा. एकदा मी ओरडलोही, "मागे बसणाऱ्या माणसाचा तरी विचार करा!" तर म्हणाले, "ती माझी बायको असा, तुझी नाय."

शेवटी व्हायचं तेच झालं. एका सकाळी ब्रेक लागलाच नाही. काकांनी दोन्ही चपला रस्त्यावर घासत सायकल बांधकामाच्या वाळूत घातली. काकी कोपरावर पडल्या. मी धावत गेलो, तर काका वाळू झटकत म्हणतात, "रस्त्यात वाळू टाकूची ही काय रीत झाली?"

त्याच आठवड्यात मंगळवारी दुपारी दोनला काकी एकट्या सायकल हातात धरून उतार उतरल्या. कोपराला पट्टी होती. त्यांना सायकल चालवता येत नव्हती, दोन्ही हातांनी हँडल आवळून आल्या होत्या.

"ह्ये झोपलेत चारपर्यंत. काय करूचा ता कर. पण ह्यांका सांगू नको हां."

मी सगळं उघडलं. छरे, रबरं, चाकाचा आउट म्हणजे वाकडेपणा, सगळं. चेन डिझेलमध्ये धुतली, नीट तेल दिलं. मी खूश. तर काकींनी पिशवीतून छोटी बाटली काढली.

"आता वरसून थोडा खोबरेल लाव."

"काकी, आत्ताच साफ केली ना!"

"वास येऊक होयो रे. नायतर ह्यांका कळतला."

मग मी चेनऐवजी चेनकव्हरला तेल चोपडलं आणि भर उन्हात ती सायकल चढावर ढकलत नेली. काकी बाजूने चालत होत्या, घंटी वाजू नये म्हणून तिच्यावर तळहात ठेवून.

हे आठ वर्षं चाललं. दर महिन्याचा पहिला मंगळवार. आणि आठ वर्षं काका माझ्या दुकानासमोर सायकल लावून माझ्याच गिऱ्हाइकांना सांगत, "ही सायकल बघा. कधी दुकानाचा तोंड बघूक नाय. नुसता खोबरेल." दोघेतिघे ते ऐकून परत गेलेलेही मला आठवतात. मी पान्याने समोरचा नट आवळत राहायचो. किती वेळा वाटलं, सांगून टाकावं. पण काकींना शब्द दिला होता.

मागच्या वर्षी काकी चार दिवसांच्या तापात गेल्या.

दोन-तीन महिने सायकल बरी चालली, मग चेन करकरू लागली. काका एका दुपारी सायकल घेऊन उभे राहिले.

"खोबरेलात आता पयल्यासारखो दम रवलो नाय. भेसळ करतत मेले."

"तुमच्याच माडाचं ना ते?" मी म्हटलं. "काका, तेलाचं काही नव्हतं हो. काकी आणायच्या सायकल. तुम्ही झोपलात की."

बोललो आणि वाटलं, जीभ चावावी. पण आता अर्धवट ठेवण्यात अर्थ नव्हता, म्हणून सगळं सांगितलं. ते ब्रेककडे बघत राहिले. मग त्यांनी एकच विचारलं, "माका हसायची काय रे ती?"

"नाही. तुम्हाला कळू नये म्हणून कव्हरला तेल लावायला सांगायच्या."

काकांनी घंटीवर तळहात ठेवला आणि सायकल हातानेच चढवत घरी गेले.

पुढच्या महिन्याच्या पहिल्या मंगळवारी, बरोबर दोनला, ते सायकल हातात धरून आले. नंतरही येत राहिले. दर वेळी माझ्या कामात चुका काढायचे. नट जास्त आवळलास, ग्रीस कमी घातलंस, तुझ्यापेक्षा गिरणीतला हेल्पर बरा. वैताग आणायचे नुसता. तरी मंगळवारी दोन वाजले की माझे डोळे उताराकडे जायचे.

या मे महिन्यात काकांचा मुलगा त्यांना गावी घेऊन गेला. जाताना काका सायकल माझ्याकडे ठेवून गेले. कॅरिअरवर काकींना बसायला घातलेली गोधडीची घडी तशीच बांधलेली आहे. हँडलला बाटली अडकवली होती.

"महिन्यातून एकदा घाल. काय्येक होवचा नाय."

सायकल कोणी चालवत नाही. तरी पहिल्या मंगळवारी मी ती उघडतो, रबरं तपासतो, चेन धुतो. मग बाटली घेतो आणि कव्हरला खोबरेल लावतो. दिवसभर दुकानात तो वास राहतो, आणि मी दिवसभर चिडलेला असतो.