शेवटचं कुत्रं

त्या साली भूमकडच्या डोंगरातनं बिबट्या आमच्या शिवारात उतरला. माळावरचे ससे, रानडुकरं पार सरली होती, म्हणून त्यानं शेळ्या धरल्या. आम्ही शेळ्या पत्र्याच्या खोलीत कोंडल्या, तर तो कुत्र्यांवर आला. महिन्याभरात गावात एकच कुत्रं उरलं, ते आमचं. मी लोहाराकडनं खिळ्यांचा पट्टा करून त्याच्या गळ्यात घातला होता, म्हणून वाचलं.

एका सकाळी आमच्या ओट्यावर जाणती माणसं जमली. मी आतनं चहा देत होते. माझ्या सासऱ्यांनी गणित मांडलं, "ससे झाले, शेळ्या झाल्या, कुत्री झाली. हे एक त्याला घावलं न्हाय, तर पुढचा नंबर आपला." सगळ्यांनी माना डोलावल्या.

दुसऱ्या दिवसापासून गावाला आमच्या कुत्र्याचा उमाळा आला. काल दगड मारणारी माणसं दुधात कुस्करलेली भाकरी घेऊन दारात. शेजारणीनं तर पुरणपोळी आणली, वर तुपाची धार. मला बरं वाटलं, मी एक बावळट. मग सासरे म्हणाले, "सूनबाई, तेवढा पट्टा काढून टाक. बिबट्याला टोचलं तर तो आपल्याकडं वळंल."

माझं टाळकंच सरकलं. म्हटलं, "मामा, मग पट्टा तुमच्याच गळ्यात घालू का?"

ते विचारात पडले. सुतळी घेऊन त्यांनी आधी स्वतःची मान मापली, मग कुत्र्याची.

पट्टा मी काढला न्हाय. कुत्र्याला चुलीपाशी बांधून घातलं आणि आठ दिवस जीव मुठीत धरून राहिले. "एका कुत्र्यापायी गाव खायला घालतीस व्हय?" असं शेजारीण म्हणायची, आणि दुधाची वाटी पुढं करायची.

मग फॉरेस्टचा माणूस आला. ओढ्याकाठची बिबट्याची विष्ठा त्यानं काडीनं उकलून पाहिली, आत उंदरांचे केस. ज्वारीत उंदीर लई माजले होते. बिबट्यानं बेत केव्हाच बदलला होता.

त्या संध्याकाळी एकही वाटी आली न्हाय. मी कुत्र्याला सोडलं, तर ते शेजारणीच्या दारात शेपूट हलवत बसलं. तिनं हाड् केलं, तसं पुढच्या दारात गेलं. तिथं दगड बसला. माझी भाकरी आता ते हुंगून सोडतं. अजून रोज दिवेलागणीला गळ्यात खिळे घेऊन दारोदार फिरतं. बाबा, आता तुला कुणी खाणार न्हाय, म्हणून कुणी खायलाही घालणार न्हाय, हे त्याला कसं सांगावं?